नवीन कंपनी कधी येणार हे नंतर बघू, आधी आहेत त्यांच्या गेटवर जा: नाशिकच्या उद्योग संघटना, एमआयडीसी आणि लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
निमा आणि आयमा या उद्योग संघटनांचे सर्व पदाधिकारी, एमआयडीसीचे नाशिकमधले अधिकारी, महापालिका प्रशासन आणि जिल्ह्यातले आमदार-खासदार

नमस्कार मंडळी,

३१ जुलै २०२४ ला टोयोटानं छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, वीस हजार कोटींच्या आसपासचा आकडा सगळ्या पेपरात आला आणि तेव्हापासून आपल्याकडे उद्योगाची कुठलीही मीटिंग असो एकच प्रश्न विचारला जातो, नाशिकला असा मोठा प्रोजेक्ट कधी येणार. मी अंबडला छोटं मशीनिंगचं युनिट चालवतो, परदेशी कंपन्यांच्या इथल्या प्लांटना पार्ट देतो, त्यामुळे या प्रश्नाची तळमळ मला पूर्ण कळते. पण त्याच्या उत्तरात जे सांगितलं जातं, म्हणजे जमीन द्या, सबसिडी वाढवा, मुख्यमंत्र्यांना भेटा, दावोसला आपलं नाव घ्यायला लावा, ते ऐकून वाटतं की या कंपन्या जागा कशी निवडतात हेच आपण कधी नीट बघितलेलं नाही. म्हणून हे पत्र.

कंपनी देशाबाहेर का जाते याचा सगळ्यात जास्त अभ्यास केलेल्या माणसांपैकी एक म्हणजे जॉन डनिंग हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलेली गोष्ट सोपी आहे. कंपनीकडे स्वतःचं काहीतरी खास पाहिजे, तंत्रज्ञान किंवा ब्रँड. ते दुसऱ्याला लायसन्सवर देण्यापेक्षा स्वतः वापरण्यात फायदा दिसला पाहिजे. आणि मग ज्या जागी जायचं त्या जागेत असं काही पाहिजे जे घरी बसून मिळत नाही. पहिल्या दोन गोष्टी कंपनीच्या हातात, आपल्या हातात फक्त तिसरी. आणि जायचं कारणही प्रत्येकीचं वेगळं असतं, कुणाला गिऱ्हाईक पाहिजे, कुणाला कच्चा माल, कुणाला स्वस्तात आणि वेळेवर उत्पादन, आणि कुणाला तिथलं ज्ञान किंवा तिथली एखादी तयार कंपनी. कारण काय ते माहीत नसताना सगळ्यांपुढे एकच ब्रोशर ठेवायचं, त्यात समृद्धी महामार्ग, गोदावरी आणि द्राक्षाचा फोटो, हे आता थांबवलं पाहिजे.

यातली बरीच कारणं नाशिक जिल्ह्यातच बघायला मिळतात. दिंडोरीला फ्रान्सच्या एलव्हीएमएच ग्रुपची शांदों आहे, २०१३ मध्ये त्यांनी भारतात वाईन आणली. का आले ते? बाहेरून येणाऱ्या वाईनवर तेव्हा १५० टक्के कस्टम ड्युटी होती, म्हणजे फ्रान्सहून बाटल्या आणून विकणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि द्राक्ष, ती पिकवणारा शेतकरी, थंडी, वाईनचं काम जाणणारी माणसं हे सगळं इथं आधीपासून होतं, कारण २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं होतं आणि आपल्याच लोकांनी वायनरी उभ्या केल्या होत्या. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत २०२२ ला युरोपच्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले, तिथं कोणी त्यांना फुकट जमीन दिली नव्हती, हजारो शेतकऱ्यांचा माल युरोपच्या नियमात बसवून, कुठल्या बागेतून आला ते दाखवून, वर्षानुवर्षं वेळेवर पाठवलेला होता. उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच सातपूरचं, रिषभ इन्स्ट्रुमेंट्सनं २०११ मध्ये पोलंडमधली ल्युमेल कंपनी विकत घेतली. म्हणजे नाशिकची कंपनी स्वतः परदेशात गुंतवणूक करायला गेली आणि तिनं निवडली ती युरोपातली चालती कंपनी, तिचं नाव, तिची माणसं आणि तिथली बाजारपेठ यासकट. परदेशी कंपनी नाशिककडे बघते तेव्हा तीही असंच बघते की इथं तयार काय आहे.

निवड प्रत्यक्षात कशी होते हे आपल्यातल्या ज्यांनी बाहेरच्या टीमचे ऑडिट झेललेत त्यांना माहिती आहे. मोठ्या प्रोजेक्टला आधी लांब यादी असते, वीस-पंचवीस ठिकाणांची, ती कन्सल्टंट ऑफिसात बसून बनवतात आणि तिथं काम चालतं ते नावं कापायचं. विमानतळ नाही, काप. लागून सलग जमीन नाही, काप. जमिनीवर कोर्टात केस आहे, काप. आपल्याला कळतही नाही की आपण यादीत होतो. मग उरलेल्या तीन-चार ठिकाणी माणसं येतात, कंपनीचं नाव न सांगता येतात, आणि सरकारी प्रेझेंटेशन ऐकून झालं की तिथं आधीपासून असलेल्या परदेशी कंपन्यांच्या प्लांट हेडला भेटतात. सोयरीक ठरवताना पाहुणे शेजारी-पाजारी चौकशी करतात तसंच. लाईट किती वेळा जाते, कामगार टिकतात का, परमिशनला किती दिवस लागले, जे कबूल केलं ते दिलं का, परत इथं पैसे घालाल का. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस क्षणभर जरी थांबला तरी त्या जागेचा निकाल लागलेला असतो.

आणि आपल्याकडे तो माणूस कोण आहे बघा. सातपूरला बॉश आहे, मायको म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीला माहीत असलेली. एबीबी आहे, सीमेन्स आहे, श्नायडर आहे, कपॅसिटर बनवणारी टीडीके आहे, अंबडला ग्लॅक्सोचा प्लांट आहे, गोंद्याला सॅमसोनाइटचा. जर्मन, फ्रेंच, स्विस, जपानी, अमेरिकन असे सगळे आपल्याकडे दशकानुदशकं आहेत. परदेशात गुंतवणूक करणाऱ्यांबद्दल एक गोष्ट स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९७७ मध्येच मांडली होती, की कंपन्या हळूहळू, माहितीतल्या वाटेनं जातात, भाषा, पद्धत, माणसं ओळखीची वाटतात तिकडे आधी. राजस्थानात नीमराणाला जपानी कंपन्यांचा जो गोतावळा जमला तो असाच, २००६ ला तिथल्या सरकारनं जपानच्या व्यापार संस्थेशी करार करून खास त्यांच्यासाठी झोन काढला आणि मग एकीमागून एक आल्या. पुण्याला जर्मन कंपन्यांची जी दाटी आहे तीही याच वाटेनं झाली. आपल्याकडे हे बी आधीपासून आहे आणि आपण त्याच्याकडे बघत नाही, हेच मला सांगायचंय.

कारण नाशिकसाठी गुंतवणुकीचा खरा निर्णय कुठल्यातरी नव्या कंपनीच्या लांब यादीत होत नाही, तो दर काही वर्षांनी या आहे त्याच कंपन्यांच्या हेड ऑफिसमध्ये होतो, की पुढचं प्रॉडक्ट ग्रुपमधल्या कुठल्या प्लांटला द्यायचं. बॉशचंच घ्या, डिझेलचं काम करणारे त्यांचे प्लांट तुर्कस्तानात बुर्साला आहेत, चेकमध्ये यिहलावाला आहेत, जर्मनीत बामबर्गला आहेत. डिझेलचा जमाना उतरत असताना पुढचं काम कुणाला मिळणार यासाठी जगभरातले असे सगळे भाऊ-भाऊ प्लांट आपसात स्पर्धा करतात, आणि तिथं इथला प्लांट हेड स्वतःच्या जोरावर नाशिकची बाजू मांडत असतो. त्याच्या मागे शहर म्हणून आपण कधी उभे राहिलो? त्याला कधी कोणी विचारलं का की बाबा, तुझ्या पुढच्या प्रपोजलमध्ये नाशिकचा कुठला कॉलम लाल दिसतोय? नवी प्रॉडक्शन लाईन इथं आली तर पेपरात बातमी येत नाही, भूमिपूजन नाही, नारळ नाही, फ्लेक्स नाही, पण माझ्यासारख्या व्हेंडरच्या शॉपमध्ये दहा पोरं कामाला लागतात. आणि लाईन दुसऱ्या देशात गेली तर तीही बातमी होत नाही, फक्त आमच्या ऑर्डर हळूहळू कमी होतात आणि कळतं तेव्हा दोन वर्षं उलटलेली असतात.

आता सबसिडीबद्दल, कारण हा विषय निघाला की सगळे एकदम तावातावानं बोलतात. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची वर्गवारी असते, तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, आणि आपल्यातले बरेच जण म्हणतात की शेजारच्या जिल्ह्याला जास्त मिळतं म्हणून कंपन्या तिकडे जातात. थोडं खरं आहे, शेवटच्या दोन जागांमध्ये अगदी बरोबरी असेल तर सवलतीनं पारडं झुकतं. पण टिमोथी बार्टिक या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या अशा अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष निघाला की सवलत दिल्यामुळे निर्णय खरोखर बदलला असं प्रमाण २ ते २५ टक्के एवढंच आहे, बाकीच्या कंपन्या सवलतीशिवायही तिथंच आल्या असत्या. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यानं २०१७ मध्ये फॉक्सकॉनसाठी अब्जावधी डॉलरची सवलत कबूल केली, १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या येणार होत्या, २०२१ ला तोच करार ६७ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्यांवर आला. आणि आपल्या जवळचं, २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रोजेक्ट तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्याच जुलैमध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्याच तळेगावात जनरल मोटर्सनं २०२० च्या शेवटी उत्पादन बंद केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं, पण तो प्लांट पुढे ह्युंदाईनं घेतला, कारण आजूबाजूला व्हेंडर होते, शिकलेली माणसं होती, रस्ते होते.

मला यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते कोस्टा रिका. १९९६ मध्ये त्या देशाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, आपल्या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ६१ लाख, म्हणजे लोकसंख्येनं तो देश आपल्यापेक्षा लहान. इंटेल चिप जोडणीच्या आणि टेस्टिंगच्या कारखान्यासाठी जागा बघत होती, समोर ब्राझील, चिली, मेक्सिको अशी मोठी नावं. कोस्टा रिकाची गुंतवणूक आणणारी संस्था सिंदे, तिनं इंटेलला काय पाहिजे ते आधी ऐकून घेतलं. इंटेल म्हणाली टेक्निशियन कमी पडतील, तर तिथल्या तंत्रज्ञान संस्थेत त्या कामाचे कोर्स सुरू केले. वीज कमी पडेल, तर सबस्टेशनची सोय केली. विमानं कमी आहेत, तर जास्त उड्डाणांना परवानगी दिली. आणि एक गोष्ट मला फार आवडते, इंटेलसाठी वेगळा स्पेशल कायदा करून त्यांनी दिला नाही, जे बदल केले ते त्या क्षेत्रातल्या सगळ्या कंपन्यांना लागू केले. ३० कोटी डॉलरचा प्रोजेक्ट आला. पुढे २०१४ मध्ये इंटेलनं तिथलं उत्पादन आशियात हलवलं, मग २०२० मध्ये परत सुरू करायचं ठरवलं, २०२५ ला पुन्हा व्हिएतनाम-मलेशियाला न्यायचं जाहीर केलं, म्हणजे कंपनी येते-जाते हे आहेच, पण मधल्या काळात त्याच शिकलेल्या माणसांच्या जोरावर मेडिकल उपकरणांच्या कंपन्या तिथं इतक्या वाढल्या की आज तीच त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात आहे. म्हणजे एका कंपनीसाठी केलेलं काम दुसऱ्यांच्या उपयोगी पडलं, आणि कंपनी गेली तरी ते तिथंच राहिलं.

आपल्याकडे या पद्धतीनं काय बघायचं? नाशिक-सिन्नर-इगतपुरी हा पट्टा दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरच्या सुरुवातीच्या आराखड्यात होता, प्रत्यक्षात औद्योगिक शहर उभं राहिलं ते संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनला, आणि टोयोटा गेली ती तिथंच, कारण सलग आणि कटकट नसलेली जमीन, पाणी, वीज, ड्रेनेज हे सगळं प्लॉटच्या तोंडाशी आणून ठेवलेलं होतं. ती संधी गेली त्याची हळहळ मलाही आहे. पण टोयोटाची जागा इथून साधारण दोनशे किलोमीटरवर आहे आणि गाडीला हजारो पार्ट लागतात. ह्युंदाईच्याच ग्रुपमधली किया २०१७ मध्ये आंध्रात अनंतपूरला आली तेव्हा तो दुष्काळी भाग होता, सरकारनं पाणी आणून दिलं हे खरं, पण बंगळुरू जवळ होतं आणि चेन्नईजवळचे ह्युंदाईचे व्हेंडर टप्प्यात होते हेही तितकंच खरं. आपण संभाजीनगरसाठी तसे व्हेंडर होऊ शकतो. त्यासाठी आज आपल्याकडे कुठल्या शॉपमध्ये कुठली मशीन आहे, कुणाकडे कुठलं क्वालिटी सर्टिफिकेट आहे, कुणाची किती कपॅसिटी मोकळी आहे याची एक धड यादी पाहिजे. मी स्वतः वेगवेगळ्या ठिकाणी विचारून बघितलं, कुठं जुनी डिरेक्टरी आहे, कुठं अर्धी एक्सेल शीट. हे काम संघटनांनी हातात घेतलं तर सहा महिन्यांत होईल, याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

रस्त्यांचं बोलायचं तर समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, परदेशी माणूस मुंबईला उतरून त्याच दिवशी प्लांट बघून परत जाऊ शकतो. पण त्याच माणसाला अंबडच्या आतल्या रस्त्यावर गाडी खड्ड्यातून काढावी लागते आणि रस्ता कुणाचा, दिवा कुणाचा, हे महापालिका की एमआयडीसी यावर अजून चर्चा चालते. रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून सेकंड शिफ्टला बायका येत नाहीत हे मी माझ्या शॉपमध्ये बघतो, आणि आता ज्या कंपन्या माल घेतात त्या ऑडिटमध्ये विचारतात की तुमच्याकडे बायका किती कामाला आहेत, कमी का आहेत. सांडपाण्याचं विचारतात, प्लेटिंगवाल्यांचं पाणी कुठं जातं. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरात एवढी कामं निघाली आहेत, त्यात औद्योगिक वसाहतीतले रस्ते आणि दिवे बसवून घ्या, पुन्हा असा निधी कधी येईल सांगता येत नाही.

निफाडच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या केंद्राचं, आणि नाशिक-पुणे रेल्वेचं मी इथं फक्त एवढंच म्हणतो की जे होणार आहे त्याची खरी तारीख सांगा. रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडला, अडचण खरी आहे, दुर्बीण जगातली नावाजलेली आहे, तिला धक्का लागू नये. पण दरवेळी दोन वर्षांत होणार असं ऐकून ज्यांनी आपल्या हेड ऑफिसला तसं लिहून कळवलं त्या मॅनेजरचं तोंड खोटं पडतं, आणि कंपनीला उशीर परवडतो, न पाळलेला शब्द परवडत नाही.

एक युनियनचा मुद्दा, कारण नाशिकला कंपन्या येत नाहीत त्या युनियनमुळे असं सर्रास बोललं जातं. मी मालक आहे तरी मला हे पटत नाही. २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात महिनाभराहून जास्त संप चालला, म्हणून काही तामिळनाडूत परदेशी कंपन्या यायच्या थांबल्या नाहीत. जर्मन कंपन्यांना तर घरी कामगार प्रतिनिधींबरोबर बसून निर्णय घ्यायची सवयच आहे. त्यांना भीती वाटते ती अचानक काय होईल याची, करार झाला तर तो तीन वर्षं टिकेल का याची. कामगार संघटनांच्या नेत्यांनाही या पत्रात सामील समजा, कारण पुढची लाईन बुर्साला जायची की सातपूरला यायची यात तुमचंही तितकंच आहे.

तर माझं म्हणणं असं आहे. जिल्ह्यात जेवढे परदेशी मालकीचे प्लांट आहेत त्यांच्या प्रमुखांना दर तीन महिन्यांनी एकत्र बोलवा, हॉटेलात सत्कार करायला नको, त्यांच्याच कॅन्टीनमध्ये बसा. पुढच्या तीन वर्षांत तुमच्या ग्रुपमध्ये कुठलं काम कुठं द्यायचं ठरतंय आणि नाशिक त्यात कुठं कमी पडतंय हे विचारा, ते कंपनीची गुपितं सांगणार नाहीत पण वीज, माणसं, परमिशन, रस्ता याबद्दल नक्की सांगतील. एमआयडीसीनं एक अधिकारी फक्त याच कामाला द्यावा आणि त्याची वर्षभरात बदली करू नये. वसाहतीला वीज देणाऱ्या फीडरवर महिन्यात किती वेळा वीज गेली हे प्रत्येक वसाहतीपुरतं जाहीर करा, वाईट दिसेल, पण बाहेरचा माणूस ते तसंही शोधून काढतो. सातपूरच्या आयटीआयमध्ये आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये कुठला कोर्स पाहिजे हे या मीटिंगमधून ठरू द्या. आणि इलेक्ट्रिकलचं क्लस्टर हे नाशिकचं खरं बळ आहे, स्विचगिअर, कपॅसिटर, ब्रेकर, मीटर हे सगळं एका शहरात बनतं असं देशात फार ठिकाणी नाही, तर नवीन कोणाला बोलवायचंच असेल तर आधी या कंपन्यांचे युरोपातले सप्लायर कोण आहेत, कुठला पार्ट अजून इम्पोर्ट होतो, ते त्यांच्याच परचेस डिपार्टमेंटकडून काढा आणि त्या सप्लायरला पत्र लिहा. शंभर मोठ्या कंपन्यांना ब्रोशर पाठवण्यापेक्षा अशा पाच मध्यम कंपन्यांचा नीट पाठपुरावा करा, दोनशे-तीनशे माणसांच्या कंपन्या, त्यांना दहा हजार एकर लागत नाही, सिन्नर किंवा दिंडोरीतला एक चांगला प्लॉट आणि ओळखीचं गिऱ्हाईक पुरतं.

व्हेंडरच्या यादीचं काम मी आणि अंबड-सातपूरमधले आणखी काही जण करायला तयार आहोत, आमच्या शॉप बंद झाल्यावर संध्याकाळी बसू. पहिली मीटिंग कुठल्या प्लांटमध्ये घ्यायची ते तुम्ही ठरवा आणि तारीख कळवा.

आपला,
अंबड औद्योगिक वसाहतीतला एक लघुउद्योजक
नाशिक